सिग्नल पडला, पण मणक्यामुळे की गॅसमुळे?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे अडखळणे आणि मधला चहा काढून टाकलाय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

नारायण पेठेतल्या आपल्या त्याच छोट्या खोलीतून बोलतेय. मागे ढोल ऐकू येत असतील तर सॉरी. खिडकी घट्ट लावली तरी नदीपात्रातला सराव आत येतोच. पण आज त्या ढोलांचा आपल्याला उपयोग होणार आहे, तेव्हा वाजू देत.

आजचा विषय थेट घरातून आलाय. माझ्या आतेबहिणीच्या पाठीचं ऑपरेशन झालं. दहावीची परीक्षा संपली आणि मे महिन्यात तारीख मिळाली. तिला स्कोलिओसिस आहे. म्हणजे पाठीचा कणा सरळ न राहता बाजूला वाकतो आणि थोडा पिळतोही. हा बाक ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेला की उंची वाढायची थांबल्यावरही तो वाढत राहण्याची शक्यता असते. म्हणून डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात: मणक्यांत स्क्रू बसवायचे, त्यात दोन धातूचे रॉड घालायचे आणि कणा शक्य तितका सरळ करायचा.

आदल्या दिवशी संमतीपत्रावर सह्या चालल्या होत्या. त्यात एक ओळ होती, 'इंट्राऑपरेटिव्ह न्यूरोमॉनिटरिंग', आणि पुढे त्याचा वेगळा खर्च. आत्याने माझ्याकडे बघितलं. "अगं, तू एवढे पॉडकास्ट करतेस, हे घ्यायलाच हवं का? की उगाच बिलात घातलंय?" मी अगदी आत्मविश्वासाने म्हटलं, "घ्यायलाच हवं आत्या." खरं सांगू? मला काहीही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहा-सात तासांनी सर्जन बाहेर आले. म्हणाले, "छान झालं सगळं. मध्ये एकदा सिग्नल पडले होते, दहा-बारा मिनिटं थांबलो आम्ही. पण हातांचेही पडले होते, त्यामुळे जरा हायसं वाटलं."

आत्याच्या कानात शिरलं ते फक्त 'सिग्नल पडले होते'. आणि मग तिने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हातांचेही पडले? म्हणजे पायांचे पडले ते कमी होतं का? हे तर जास्तच वाईट झालं ना? मग त्यांना हायसं कसलं वाटलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. संध्याकाळी भूल देणाऱ्या मॅडम वॉर्डात आल्या तेव्हा त्यांनी समजावलं, आणि त्यानंतर मी बरंच वाचलं. आजचा भाग म्हणजे आत्याच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर. ते उत्तर कळलं की पाठीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय विचारायचं तेही कळतं.

आधी एवढी तपासणी कशाला?

कण्याच्या आतून मज्जारज्जू जातो. जाडी साधारण करंगळीएवढी, लांबी मोठ्या माणसात ४५ सेंटिमीटरच्या आसपास. हातापायांना जाणारा प्रत्येक हुकूम आणि तिकडून येणारी प्रत्येक जाणीव या मऊ दोरीतून जाते. वाकलेला कणा सरळ करताना ही दोरी ताणली जाऊ शकते, एखादा स्क्रू जवळ जाऊ शकतो, किंवा तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांचा प्रवाह कमी होऊ शकतो. असं क्वचित होतं. पण झालं आणि वेळेत कळलं नाही, तर पेशंट उठतो तेव्हा पाय हलत नाहीत.

पेशंट तर झोपलेला. मग कळणार कसं?

१९७३ मध्ये फ्रान्समधल्या स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय प्रसिद्ध केला, तो ऐकून अंगावर काटा येतो. ऑपरेशन चालू असताना, पाठ उघडी असताना, भूल हलकी करायची. पेशंटला हाक मारायची, "हाताची मूठ वळ. आता पाय हलव." पाय हलले की पुन्हा झोपवायचं. याला 'वेक-अप टेस्ट' म्हणतात. वेदनेचं औषध चालू असतं, त्यामुळे बहुतेकांना नंतर आठवतही नाही. ही तपासणी आजही गरज पडली तर करतात. पण तिची एक मोठी अडचण आहे: ती फक्त त्या एका क्षणाचं सांगते. पाच मिनिटांनी पुढचा स्क्रू बसवताना काय झालं, ते कळायचं नाही.

म्हणून असं काही हवं होतं की जे सहा तास सतत, पेशंटला न उठवता, दोरी शाबूत आहे का ते सांगत राहील. तेच हे न्यूरोमॉनिटरिंग.

दोन रस्ते: एक वर जाणारा, एक खाली येणारा

मज्जारज्जूत मुख्य वाहतूक दोन दिशांची. एक जाणिवेची, खालून वर. दुसरी हालचालीची, वरून खाली. दोन्ही तपासायला दोन वेगळ्या चाचण्या आहेत.

पहिली, एसएसईपी. पायाच्या घोट्यापाशी चेतातंतूला विजेचा छोटा झटका द्यायचा आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडवर तो निरोप पोचतो का ते बघायचं. मनगटापासून निघालेला निरोप साधारण २० मिलिसेकंदांत मेंदूत पोचतो, घोट्यापासूनचा ३७ ते ४० मिलिसेकंदांत. डोळ्याची पापणी मिटायला याहून जास्त वेळ लागतो!

अडचण अशी की हा निरोप फार बारीक असतो, एक-दोन मायक्रोव्होल्टचा. मेंदूची स्वतःची चालू असलेली विजेची गडबड त्याच्या कितीतरी पट मोठी. इथे आपले ढोल आले. समजा तुम्ही रात्री झेड ब्रिजवर उभे आहात, खाली नदीपात्रात चार पथकं आपापल्या तालात वाजवतायत. पलीकडच्या काठावर तुमचा मित्र आहे. तुम्ही टॉर्च मारलात की तो बरोबर एका सेकंदाने एक टाळी वाजवतो. ऐकू येईल? छे! पण असं ४०० वेळा करा, दर वेळी रेकॉर्ड करा, आणि सगळी रेकॉर्डिंग टॉर्चच्या क्षणापासून एकावर एक ठेवून सरासरी काढा. ढोल दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडतात, ते एकमेकांना खोडतात. टाळी मात्र दर वेळी त्याच जागी, ती वर येते. ४०० वेळा केलं की गोंगाट २० पट खाली जातो. यंत्र नेमकं हेच करतं. म्हणून एसएसईपीचं एक चित्र मिळायला थोडा वेळ लागतो.

दुसरी चाचणी, एमईपी. ही उलट दिशेची. डोक्यावर त्वचेतून विजेचे झटके देऊन मेंदूचा हालचालीचा भाग जागवायचा आणि हातापायाचे स्नायू आकसतात का ते तिथे लावलेल्या सुयांवर बघायचं. माणसावर कवटीबाहेरून असं करता येतं हे १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी दाखवलं. यात सरासरीची गरज नसते, उत्तर लगेच येतं. झटका मात्र शेकडो व्होल्टचा आणि अगदी क्षणभराचा. त्या वेळी जबडाही आवळला जातो, म्हणून जीभ चावली जाऊ नये यासाठी दातांमध्ये मऊ गुंडाळी ठेवतात.

दोन्ही का लागतात? कारण जाणिवेची वाट दोरीच्या मागच्या बाजूला आहे, तर हालचालीचे तंतू आणि त्या हुकूम पुढे पाठवणाऱ्या पेशी बाजूला आणि पुढे. रक्तपुरवठाही वेगळा: पुढच्या सुमारे दोन-तृतीयांश भागाला पुढची धमनी रक्त देते. तिथला प्रवाह कमी झाला तर मागची वाट शाबूत, एसएसईपी छान, आणि पाय मात्र लुळे, असं होऊ शकतं.

गॅस नेमका कुठे अडवतो?

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे ऑपरेशनच्या भुलेसाठी सर्रास वापरतात ते हुंगवायचे वायू: आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन. बोलताना सगळे 'गॅस'च म्हणतात. हा गॅस फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत आणि मज्जारज्जूत जातो. आणि तिथे हेच निरोप दाबतो, जे आपल्याला ऐकायचे आहेत.

कसं? पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे आठवा. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट, वेळ जातो टोलनाक्यावर. चेतातंतू म्हणजे मोकळा रस्ता. एक चेतापेशी संपून दुसरी सुरू होते तो सांधा म्हणजे नाका. निरोप तिथे रसायनाच्या रूपात पलीकडे द्यावा लागतो. गॅस रस्त्यावर फारसं काही करत नाही. तो नाक्यावर बसतो. तिथले 'थांब' म्हणणारे संदेश तो वाढवतो आणि 'जा' म्हणणारे कमी करतो.

त्यामुळे ज्या निरोपाला जास्त नाके पार करायचेत तो जास्त अडकतो. घोट्यापासून निघालेला एसएसईपीचा निरोप गुडघ्यामागे मोजला तर एकही नाका लागलेला नसतो. तिथे गॅसचा परिणाम जवळपास शून्य. मानेच्या वरच्या टोकाशी मोजला तरी बऱ्यापैकी टिकून असतो. मेंदूच्या पृष्ठभागावर पोचेपर्यंत मात्र तीन नाके लागतात. तिथे गॅस वाढवला की लाटेची उंची कमी होते आणि ती उशिरा येते. जितका गॅस जास्त, तितका परिणाम जास्त. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे जुना 'लाफिंग गॅस', तोही उंची कमी करतो, पण उशीर फारसा करत नाही.

गंमत बघा. इशारा कधी द्यायचा याचा रूढ नियम आहे: लाटेची उंची निम्म्याने घटली किंवा तिला यायला १० टक्के जास्त वेळ लागला, की सर्जनला सांगा. आणि नुसता गॅस वाढवला तरी नेमकं हेच दिसू शकतं!

ज्या जागी गॅस काम करतो, तीच जागा आपल्याला तपासायची असते

एमईपीची गोष्ट तर याहून नाजूक. आणि यामागची कहाणी मला सगळ्यात जास्त आवडली.

गॅसचा डोस मोजायचं एक एकक आहे, मॅक. १ मॅक म्हणजे गॅसचं असं प्रमाण की त्वचेवर चिरा दिला तर निम्मे लोक हलणार नाहीत. मोठ्या माणसात सेव्होफ्लुरेनसाठी ते सुमारे २ टक्के, डेसफ्लुरेनसाठी सुमारे ६ टक्के. लक्षात घ्या, व्याख्या झोपेची नाही. व्याख्या न हलण्याची आहे.

अनेक वर्षं समजूत अशी की मेंदू झोपला म्हणून माणूस हलत नाही. मग १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात दोन गटांनी प्रयोग केले. एकाने उंदरांमध्ये मेंदूचा मोठा भाग काढूनही मॅक बदलत नाही असं दाखवलं. दुसऱ्याने शेळ्यांमध्ये मेंदूचा रक्तप्रवाह वेगळा केला आणि आयसोफ्लुरेन फक्त मेंदूला दिला. न हलण्यासाठी लागणारा डोस दुपटीहून जास्त झाला! म्हणजे माणूस चिऱ्याला हलत नाही ते मुख्यतः मेंदूमुळे नाही. गॅस मज्जारज्जूतच हालचाल अडवतो, म्हणून.

आता जोडा दोन्ही टोकं. एमईपीचा निरोप मेंदूतून सुसाट खाली येतो, आणि मज्जारज्जूच्या पुढच्या भागात स्नायूकडे जाणाऱ्या पेशीशी त्याला हात मिळवावा लागतो. तो एक मोठा नाका. गॅस मुख्यतः तिथेच बसलेला! गॅस ज्यासाठी दिला, म्हणजे पेशंट हलू नये म्हणून, तेच त्याने चोख केलं. आणि आपण नेमकं तेच विचारतोय, "बाबा, हलतोस का?"

म्हणूनच एमईपी गॅसला फार हळवी आहे. अर्ध्या मॅकलाही काही पेशंटमध्ये ती पडू शकते. एकच झटका दिला तर भुलेखाली बहुधा काही उत्तर येतच नाही. म्हणून एकामागोमाग पाच-सहा झटक्यांची माळ देतात, म्हणजे नाक्यावरच्या पेशीला एकापाठोपाठ धक्के बसतात आणि ती शेवटी जागी होते. ही युक्ती १९९०च्या दशकात आली आणि त्यानंतरच भुलेखाली एमईपी खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागली.

लहान मुलं, आधीच पाय अशक्त असलेले, मधुमेहाने चेतातंतू खराब झालेले, यांचे सिग्नल मुळातच बारीक. त्यांच्यात थोडासा गॅसही जास्त त्रास देतो.

आता आत्याचा प्रश्न: हात पडले तर हायसं का?

माझ्या बहिणीचं ऑपरेशन पाठीच्या मधल्या आणि खालच्या भागात होतं. हातांना जाणारे चेतातंतू मज्जारज्जूतून मानेपाशीच बाहेर पडतात, म्हणजे ऑपरेशनच्या जागेच्या वर. हातांचा निरोप त्या जागेतून जातच नाही.

मग विचार करा. रॉडमुळे मज्जारज्जूला इजा झाली असती तर काय दिसलं असतं? पायांचे सिग्नल गेले असते, हातांचे जसेच्या तसे. कदाचित एकाच पायाचा गेला असता. आणि तो अचानक, एखादा स्क्रू बसवताना किंवा रॉड फिरवताना गेला असता.

पण चारही हातपाय एकदम, हळूहळू, त्या वेळी सर्जनने विशेष काही केलेलं नसताना फिके पडले, तर? मग कारण असं हवं जे सगळ्या शरीराला एकदम लागू होतं. गॅस वाढला, रक्तदाब उतरला, अंग गार पडलं, किंवा एखादं औषध नुकतंच एकदम दिलं गेलं. हात इथे साक्षीदार असतात. ते गुन्ह्याच्या जागेपासून लांब होते. त्यांनाही तोच त्रास होतोय, म्हणजे गुन्हा बहुधा तिथे घडलेला नाही.

तिच्या बाबतीत मॅडमनी सांगितलं ते असं. मुख्य भूल शिरेतून चालू होती, सोबत थोडा गॅस. मध्ये ती जरा हलकी वाटली, म्हणून गॅस किंचित वाढवला. काही मिनिटांत चारही अंगांची एमईपी खाली. एसएसईपी बघितली तर मानेपाशी निरोप ठणठणीत, फक्त डोक्यावर फिका. म्हणजे निरोप ऑपरेशनची जागा सुखरूप पार करून वर आलाय, अडकलाय तो वरच्या नाक्यांवर. गॅस बंद केला, शिरेतलं औषध नीट केलं, रक्तदाब थोडा वर ठेवला. दहा-बारा मिनिटांत सिग्नल परत. रॉड काढावा लागला नाही.

हे ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे हातांनी वाचवलं म्हणायचं." एवढं सोपं नाही, पण आत्याचं म्हणणं मला आवडलं.

सोपं का नाही, तेही सांगते. पायांचे सिग्नल हातांपेक्षा मुळातच नाजूक असतात. थोड्या गॅसने आधी पाय पडू शकतात आणि हात टिकून राहतात, आणि ते चित्र हुबेहूब इजेसारखं दिसतं. उलटं म्हणजे नुसता एका हाताचा सिग्नल गेला तर कधी कधी एवढंच असतं की पालथं झोपवताना तो हात अवघडला. हात नीट ठेवला की परत येतो. शिवाय लांबलचक ऑपरेशनमध्ये तासांमागून तास एमईपी आपोआपही हळूहळू फिकी होत जाते. म्हणून नुसत्या आकड्यावर कोणी निर्णय घेत नाही. कधी, कुठे, किती वेगाने आणि त्या क्षणी खोलीत काय चाललं होतं, हे सगळं जोडून बघतात.

मग गॅस वापरूच नका की!

बरोबर, आणि एमईपी करायची असेल तेव्हा बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. भूल पूर्णपणे शिरेतून: प्रोपोफॉल आणि त्याच्यासोबत फेंटानिलसारखं वेदनाशामक, पंपातून सतत. प्रोपोफॉलही सिग्नल दाबतो, पण नेहमीच्या डोसला गॅसपेक्षा बराच कमी. फेंटानिलच्या गटातली औषधं फार कमी. केटामाइन तर उलट सिग्नलची उंची वाढवू शकतं, म्हणून सिग्नल मुळात बारीक असलेल्यांत त्याचा थोडा डोस उपयोगी पडतो.

स्नायू सैल करणारी औषधं मात्र एमईपीची शत्रू. ती तंतू आणि स्नायूमधला शेवटचा नाकाच बंद करतात. श्वासनळीत नळी घालताना एकदा कमी वेळ टिकणारं देतात आणि मग तो परिणाम उतरल्याची खात्री करूनच तपासणी सुरू होते.

मग गॅस अजून का वापरतात? कारण त्याचे फायदे खरे आहेत. प्रत्येक श्वासासोबत बाहेर पडणारा गॅस यंत्र मोजतं, त्यामुळे शरीरात किती आहे ते भूलतज्ज्ञाला पडद्यावर दिसतं. प्रोपोफॉल रक्तात किती आहे ते असं दर क्षणाला दिसत नाही. शिरेतली नळी दुमडली किंवा सुई निसटली तर औषध जायचं थांबतं, म्हणून तिच्यावर सतत नजर लागते. पंप लागतात, खर्च वाढतो. फक्त एसएसईपी बघायची असेल तर थोड्या, स्थिर गॅसवर काम चांगलं चालतं. म्हणून 'गॅस म्हणजे वाईट हॉस्पिटल' असा अर्थ मुळीच काढू नका.

खरा मंत्र आहे स्थिरता. जे काही द्यायचं ते एका पातळीवर ठेवायचं, आणि रॉड फिरवायच्या नाजूक क्षणाच्या आसपास कुठलाही डोस एकदम बदलायचा नाही. बदलावाच लागला तर मोठ्याने सांगायचं, "गॅस वाढवतोय." सिग्नल बघणाऱ्याला ते कळलं नाही, तर त्याला फक्त पडणारी लाट दिसते आणि सर्जन चांगला बसवलेला रॉड उगाच सैल करतो. आणि याहून वाईट म्हणजे उलटी चूक: खरी इजा झालेली, पण सगळे म्हणतात, "गॅसच असेल," आणि मौल्यवान मिनिटं जातात.

"म्हणजे मी मध्येच जागी होईन?"

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार, बहिणीच्याही आला होता. गॅस कमी किंवा बंद म्हणजे भूल कमी असं नाही. झोप प्रोपोफॉलने दिलेली असते. कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली बघायची सोयही असते, आणि गॅसशिवायच्या भुलेत ती विशेष उपयोगाची. एमईपीच्या प्रत्येक झटक्याला अंग थोडं हलतं, पण ते विजेने, जागं झाल्याने नाही. सर्जनला आधी सांगतात, "एमईपी करतोय," तो हत्यार बाजूला घेतो, मग बटण दाबतात.

खरंच सिग्नल पडले तर ओटीत काय होतं?

आधी सर्जन हात थांबवतो. खोलीतली गडबड, गाणी, गप्पा बंद. मॉनिटरिंगवाले तारा आणि इलेक्ट्रोड तपासतात, एखादी सुई निघाली असेल तर. भूलतज्ज्ञ गॅस कमी करतो, नुकतंच काय दिलं ते आठवतो, रक्तदाब वाढवतो, कारण ताणलेल्या मज्जारज्जूला जास्त दाबाने रक्त हवं असतं. रक्त फार गेलंय का, अंग गार पडलंय का, बघतो. सर्जन शेवटची केलेली गोष्ट उलटवायचा विचार करतो: ताण सैल करायचा, शंका असलेला स्क्रू काढून बघायचा. तरीही सिग्नल आले नाहीत तर १९७३ची ती वेक-अप टेस्ट अजूनही हाताशी असते. ती गॅसवर नाही, पेशंटच्या स्वतःच्या पायावर अवलंबून असते.

हे सगळं एकट्या यंत्राचं काम नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये ५० हजारांहून जास्त कणा-शस्त्रक्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या टीमला मॉनिटरिंगचा जास्त अनुभव होता, त्यांच्या पेशंटमध्ये चेतातंतूंच्या इजा कमी अनुभवी टीमच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होत्या. लाट सगळ्यांच्या पडद्यावर सारखीच पडते. ती का पडली ते ओळखणारी माणसं लागतात.

आदल्या दिवशी विचारायचं काय?

पेठांतली माणसं अशा ऑपरेशनला नदीपलीकडे शिवाजीनगरला जातात, एरंडवण्याला जातात, ससूनला जातात. कुठेही गेलात तरी हे प्रश्न मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा:

१. फक्त एसएसईपी बघणार की एमईपीसुद्धा?
२. भूल गॅसची असणार, शिरेतली, की दोन्ही मिळून?
३. सिग्नल कोण बघणार? ती व्यक्ती पूर्ण वेळ ओटीत असणार का?
४. सिग्नल पडले तर तुमचं ठरलेलं काय असतं? वेक-अप टेस्टची वेळ आली तर? (असेल तर पेशंटला आदल्या दिवशीच समजावून सांगायला सांगा. ऐनवेळी हाक ऐकून घाबरायला नको.)

आणि तुम्ही स्वतःहून सांगायचं: फिट येतात का, पेसमेकर किंवा कानातलं कॉक्लियर इम्प्लांट आहे का, डोक्याचं ऑपरेशन झालंय का, दात हलतायत का, मधुमेह आहे का, हातापायाला आधीपासून मुंग्या किंवा अशक्तपणा आहे का. यातली प्रत्येक गोष्ट एमईपी करायची की नाही आणि कशी, यावर परिणाम करते.

हे विचारलंत म्हणून डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते ना? आमच्या मॅडम तर म्हणाल्या, "कोणी विचारतच नाही हो, तुम्ही विचारलंत तर बरं वाटलं." अर्थात हा भाग म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नाही. तुमच्या पेशंटसाठी योग्य काय, ते तुमचे भूलतज्ज्ञच ठरवतील.

बहीण आता अकरावीत आहे. दोन इंच उंच झालीय असा तिचा दावा आहे, पण मापायला कोणाला देत नाही. आत्याने ते संमतीपत्र फाइलमध्ये जपून ठेवलंय. शेजारच्या काकूंना ती ओळ दाखवून सांगत होती, "हे घ्यायलाच हवं हो. आणि गॅस किती देणार तेही विचारा." या वेळी तिला माहीत होतं ती का सांगतेय ते.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कोणाच्या पाठीचं किंवा मानेचं ऑपरेशन ठरलं असेल तर हा भाग त्यांना पाठवा, आणि प्रश्न असतील तर व्हॉइस नोट करा. ढोलांचा सराव संपत आलाय वाटतं. भेटू पुढच्या भागात!